भिंतीवरचा अंगठा

हिवरटेक, १४ जानेवारी १९६४

निवृत्ती,

पाकिटातल्या तिळगुळाचा पोस्टाने भुगा केला असेल, तर कागद झटकून खा. तुझ्या वहिनीने केला आहे, आणि तिचं तुझ्याशी कधीच भांडण नव्हतं. माझ्या हातचं अकरा वर्षांत एक कार्डही तुला आलं नाही, मग आज एकदम कशी आठवण झाली, असं तू म्हणशील. म्हण. जे झालं ते कोणाच्या चुकीने झालं हे आज संक्रांतीच्या दिवशी उगाळत बसत नाही.

तू पुण्याला बोटांच्या ठशांच्या कचेरीत लागल्याचं दुसरबीडच्या बाजारात कळलं. नेमकं त्यातलंच विचारायचं आहे.

आपल्या आळीच्या शेवटी राहणारी गोजरबाई तुला आठवत असेल. तुम्हा पोरांना बोरं द्यायची आणि वरून शिव्याही द्यायची, ती. एकोणतीस डिसेंबरला रात्री तिच्या घरात कोणी शिरलं. गळ्यातली चांदीची सरी ओढून नेली आणि म्हातारीला ढकलून दिलं. कमरेचं हाड मोडलं, बुलढाण्याच्या दवाखान्यात चार दिवस काढून ती गेली. कोण होतं ते तिला अंधारात दिसलं नाही. घरात सापडलं एवढंच, की कंदिलाच्या काचेवर, तोंडाशी, आतल्या बाजूने काजळीत एक अंगठा स्पष्ट उमटला होता. चोराने कंदील विझवायला काच उचलली असणार असं फौजदारांचं म्हणणं. त्यांनी ती काच कापसात गुंडाळून खोक्यात घालून नेली. एखाद्या बाळंतिणीला नेतात तशी.

मग ग्रामसभा झाली. फौजदार म्हणाले, गावातल्या प्रत्येक पुरुषाने आपणहून बोटांचे ठसे द्यावे, म्हणजे चोर आपोआप उघडा पडेल आणि बाकीच्यांवरचा संशय जाईल. सक्ती नाही. मी उठून बोललो. तुला माझं बोलणं माहीत आहे, एकदा सुरू झालो की थांबत नाही. ज्याच्या मनात काळं नाही त्याने बोट काळं करायला का भ्यावं, असं मी म्हणालो आणि टाळ्या पडल्या. नावांची यादीही मीच केली, एकशे सत्त्याऐंशी नावं.

आता माझी शंका. असा ठसा चुकू शकतो का? आणि काचेवरचा ठसा नेमका किती दिवसांचा किंवा किती तासांचा आहे, हे तुमच्या लोकांना सांगता येतं का? सहज विचारतो आहे. जमलं तर दोन ओळी टाक.

शंकर

हिवरटेक, २१ जानेवारी १९६४

निवृत्ती,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो, पण पोस्टमन दिसला की मान वर होते, हेही खोटं नाही.

परवा रविवारी शाळेत ठसे घेतले. काचेच्या पाटीवर शाई, त्यावर रूळ फिरवायचा, मग एकेक बोट या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवून कागदावर उठवायचं. हे सगळं मी तुला सांगतो आहे, म्हणजे पाहा. शेवटी रॉकेलच्या चिंधीने हात पुसायचे. सकाळी लोकांना जत्रेसारखी मजा वाटली. एकमेकांची बोटं पाहून हसत होते, कोणाचं सीताफळ म्हणत होते, कोणाचं आणखी काही. दुपारनंतर हसणं कमी झालं. आपले कागद त्या पेटीत गेले आणि पेटीला कुलूप लागलं, हे बघितल्यावर माणसं हात पुसून घाईने निघायला लागली. का ते मला कळलं नाही.

इंद्रभान इंगळे आला, पण हात पुढे करीना. हा बौद्धवाड्यातला, माझ्या प्रौढवर्गातला सगळ्यात हुशार माणूस. चाळिशीत पाटी धरली आणि आठ महिन्यांत वर्तमानपत्र वाचायला लागला. आमच्या वर्गाची एक रीत आहे, ती तुला सांगितली पाहिजे. वर्ग पुरा झाला की समारंभ करतो. प्रत्येकाने शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर आपला अंगठा उठवायचा, तो शेवटचा. मग घमेल्यात हात धुऊन सगळ्यांसमोर म्हणायचं, आजपासून मी अंगठा देणार नाही. आणि मग त्या अंगठ्याखाली खडूने सही करायची. ही रीत मी काढली. पंचायत समितीच्या गटातले साहेब आले होते, त्यांनी फार कौतुक केलं. इंद्रभान त्या दिवशी हात धुताना रडला होता.

फौजदार त्याला म्हणाले, "भिण्याचं कारण नसेल तर हात कर पुढे."

"सही मांगा साहेब. दहा डाव करतो."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "इंद्रभान, अरे तो अंगठा वेगळा आणि हा वेगळा."

"डाव्या हाताले एक हाये, उजव्या हाताले एक हाये," तो म्हणाला. "हा तिसरा मी कुठून आनू मास्तर? माह्या बापाचा आंगठा घेऊन त्याचं वावर गेलं. काय लिवलं हाये ते त्याले कोनी सांगतलं नाई. तुमीच म्हनलं होतं ना, मानूस झाल्यावर आंगठा द्याचा नाई."

असं मी म्हणालो होतो. साहेबांसमोर, मोठ्याने.

गोजरबाईची लेक जनकाबाई दुसरबीडला दिलेली आहे, ती तिथेच भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या वर्गात ऐकू गेलं. "माह्या मायनं चार दिवस पान्यावर काढले. हात लावला की वरडे. जो तिले ढकलून गेला तो इथंच कुठंतरी जेवून राह्यला. त्याच्यापरीस याच्या बोटाची शाई जड झाली काय मास्तर?"

इंद्रभानने मान खाली घातली. "माय, तुह्या दुःखाले मी नाई म्हनत नाई," म्हणाला आणि निघून गेला. एकशे शहाऐंशी कागद झाले, त्याचा तेवढा राहिला.

त्या खोलीत दोघंही मला बरोबर वाटली, निवृत्ती. आधी एकाचं, मग दुसरीचं, मग परत पहिल्याचं. शाळेत मी पोरांना सांगतो की दोन उत्तरं आली की एक चुकलेलं असतं. इथे कुठलं चुकलं ते मला शोधता येईना.

शंकर

हिवरटेक, ४ फेब्रुवारी १९६४

निवृत्ती,

निकाल आला. काचेवरचा अंगठा एकशे शहाऐंशींपैकी एकाचाही नाही. म्हणजे गावाने काय हिशेब केला ते तुला सांगायला नको. सरपंच उत्तमराव पारावर बसून म्हणाले, "आता राह्यला तो एकच." इंद्रभानला कोणी कामाला बोलावीना. चांगुणा, त्याची बायको, विहिरीवर गेली की बाकीच्या बाया बोलायच्या थांबतात.

फौजदार परत आले ते शाळेतच. पाणी पीत असताना त्यांची नजर भिंतीवर गेली. बत्तीस अंगठे, चार ओळींत. खालच्या खडूच्या सह्या केव्हाच पुसल्या गेल्या आहेत, कोणता अंगठा कोणाचा हे आता एकट्या मला सांगता येतं. त्यांनी विचारलं, "यात त्याचा कोणता?"

मी लगेच बोललो नाही. निदान पाणी पिऊन होईपर्यंत थांबलो, हे लक्षात घे. मनात म्हटलं, दाखवला तर सुटेल बिचारा. त्याचा नाही हे सिद्ध होईल, आणि त्याची शपथही मोडणार नाही, कारण हात तर त्याने दिलाच नाही. दुसऱ्या ओळीतला पाचवा, असं मी सांगितलं. चिखलीहून माणूस आणून त्याचा फोटो काढला.

संध्याकाळी इंद्रभान वाटेत भेटला. त्याला कळलं होतं. "तो आंगठा मी सोडून द्यासाठी देल्ला होता मास्तर," एवढंच म्हणाला. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांबलचक उत्तर होतं, पण तो थांबला नाही.

मी त्याचं भलंच केलं असं मला पक्कं वाटतं. मग तुला हे दोनदा का सांगतो आहे, कोण जाणे. पहिल्या पत्रात विचारलं होतं ते तेवढं कळव, ठशावरून वेळ सांगता येते का. आणि एक, यादीत सरपंच, पोलीस पाटील उकंडराव, मी आणि दुसरे मास्तर अशी चार नावं नव्हती. उत्तमराव म्हणाले होते, "आपले कायले पाह्यजेत? आपन तं पंच." तेव्हा ते सगळ्यांना बरोबर वाटलं. मलाही.

शंकर

हिवरटेक, १३ फेब्रुवारी १९६४

निवृत्ती,

भिंतीवरच्या अंगठ्याचा काही उपयोग झाला नाही. दिवाळीला शाळेला चुना दिला तेव्हा त्या ओळी सोडल्या होत्या, तरी त्यांच्यावरून ओघळ आले होते. तुमच्याकडून लिहून आलं की रेषा अस्पष्ट, जुळतो असंही म्हणता येत नाही, जुळत नाही असंही म्हणता येत नाही. फौजदारांनी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य सोडून दिलं. सोमवारी इंद्रभानला ठाण्यात नेलं.

आज चौथा दिवस. सकाळी चांगुणा दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. "मास्तर, तुमी भिंत दाखवली म्हनतेत. मंग तुमीच सांगा ना त्याहिले, तो त्या रातच्याले घरी होता. माह्यावर कोनी भरोसा करून नाई राह्यलं. तुमच्यावर करतीन." मी म्हटलं बघतो. ती गेली, आणि तुझी वहिनी चुलीपुढून उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी त्या दिशी गेल्ते ना गोजरबाईकडं?" तिने विचारलं. "नातवाचं पत्र वाचाले."

निवृत्ती, आता लिहितोच. जनकाबाईचा मुलगा फौजेत आहे, त्याचं पत्र आलं की म्हातारी मला बोलवायची. एकोणतीस तारखेला दिवस मावळताना मी गेलो होतो. कंदील धुरकट होता, अक्षर दिसेना, म्हणून काच काढून वात कापली आणि काच परत बसवली. काढताना तोंडाशी धरली असणार, आतून अंगठा घालून, जशी सगळेच धरतात. असणार म्हणतो, कारण मला नीट आठवत नाही. त्या दिवशी काढली की आधीच्या खेपेला, हेही शपथेवर सांगता येत नाही. ग्रामसभेत टाळ्या घेतल्या तेव्हा हे माझ्या ध्यानातच नव्हतं, एवढं खरं मान. घरी येऊन दिवा लावताना ध्यानात आलं. तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणजे पहिलं पत्र लिहिताना ठाऊक होतं.

भीती कसली ते तुला सांगतो. ठसा माझा निघाला तर चोर मी. वेळ ठशावर लिहिलेली नसते. नोकरी जाईल, गाव थुंकेल. मी इंद्रभानचा अंगठा दाखवला तो त्याला सोडवायला, असं तुला लिहिलं होतं. माझा द्यायला नको म्हणून त्याचा दिला, असं आज वाचताना दिसतं. तेव्हा खरोखर कोणतं होतं ते मला आता वेगळं काढता येत नाही.

रोज माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघतो. बावन्न वर्षं हा माझ्यापाशी आहे आणि उद्या पन्नास ठशांत ठेवला तर मला ओळखू येणार नाही. तुम्हाला येईल, ज्यांनी मला अकरा वर्षांत पाहिलं नाही त्यांना. हे बरं की वाईट?

तुझी वहिनी माझ्याकडे पाठ करून बसली आहे. सकाळच्या बसने ठाण्यात जातो.

१४ तारीख. जाऊन आलो. दहा बोटं दिली. हे पत्र आणि ते ठसे बहुधा एकाच टपालात तुझ्याकडे येतील.

शंकर

हिवरटेक, ८ मार्च १९६४

निवृत्ती,

अंगठा माझाच निघाला. आठ दिवसांत कळलं.

फौजदारांनी माझं ऐकून घेतलं. नातवाच्या पत्रावर दुसरबीडच्या पोस्टाचा शिक्का एकोणतीसचाच होता, आणि गोजरबाईच्या शेजारच्या कोकिळाबाईने मला उजेड असताना बाहेर पडताना आणि म्हातारीला दार लावताना पाहिलं होतं. तिला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, मास्तर, तुम्ही आधी सांगितलं असतं तर आमचा वेळ वाचला असता. इंद्रभानला पाच दिवसांत चहा कोणी दिला नव्हता. तो सुटला मी ठसे दिले त्याच दिवशी, माझ्या जबाबावरून, पण त्याच्या आधी, नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, दोघांनी मनगटं धरून त्याची दहाही बोटं कागदावर उठवली होती. करंगळी सुजली होती, ती अजून नीट मिटत नाही.

गोजरबाईला कोणी ढकललं ते कळलेलं नाही. आता काचही काही सांगत नाही. जनकाबाई शाळेत आली, तिला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती टेबलाशी सरकली. मग दोन्ही हात माझ्यापुढे केले. "मंग आता बायांचे घ्या. आजूबाजूच्या गावाचे घ्या. माहे पह्यले घ्या. पन सोडू नका मास्तर." तिचे हात टेबलावर तसेच होते. एखादा कागद कुठेतरी असेल आणि उद्या तो त्या माणसाला धरून देईल, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. सगळ्या मुलखाचे ठसे घ्यावे, जन्मलेल्या पोराचेही घ्यावे, असंही वाटलं. ते मत संध्याकाळपर्यंत टिकलं.

संध्याकाळी इंद्रभान आला. तीन आठवड्यांत तो वर्गाकडे फिरकला नव्हता. मी उठून उभा राहिलो. माफी मागायची तयारी करून ठेवली होती, पाठच केली होती म्हण. त्याने माफीला जागाच ठेवली नाही.

"मास्तर, माहा कागद कुठं गेला?"

"पुण्याला."

"मी चोर नाई हे कळलं ना त्याहिले?"

"कळलं."

"मंग तो कागद काय करतेत?"

"ठेवतात."

"किती दिवस?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

"मी मेल्यावरबी?" तो म्हणाला. "तुमचा भाऊ हाये ना तिथं? त्याले लिवतो मी."

मी कागद पुढे ओढला, लेखणी घेतली, सवयीने. तो म्हणाला, "नाई. तुमी बसा. मी लिवतो." पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून बसला आणि तासभर लिहीत होता. मध्ये एकदा 'विरुद्ध' कसं लिहायचं ते विचारलं. अर्ज सोबत जोडला आहे. दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं आहे, मी हात लावलेला नाही. तरी इथे उतरवून ठेवतो, टपालात हरवला तर असू दे:

"साहेब, मी चोर नाही हे आता तुम्हाला ठाउक झाले. माझ्या बोटांचे ठसे माझ्या मर्जीविरुद्ध घेतले आहेत. ते मला परत द्यावे. फाडणार असाल तर फाडताना कोण हजर होते ते लिहावे. मरण पावलेल्या बाइबद्दल मला दुःख आहे. इंद्रभान पुंजाजी इंगळे."

तो कागद परत द्यावा की नाही, याचा निकाल मला लागत नाही. परत दिला तर जनकाबाईला काय सांगू? ठेवला तर याला काय सांगू? तू त्या कामात आहेस, कदाचित तुला ठाऊक असेल. कदाचित तिथे बसून तुम्हालाही ठाऊक नसेल आणि कागद नुसते साठत असतील.

आता तुझ्या-माझ्यातलं. बाबांचं घड्याळ हरवलं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, ट्रंक उघड. तू नाही म्हणालास. मी म्हणालो, मनात काळं नसेल तर उघडायला काय होतं. तू ट्रंक खांद्यावर घेतलीस आणि चिखलीच्या गाडीत बसलास, एकोणीस वर्षांचा होतास. तुझ्या नकारावरून मी तुला चोर ठरवलं, आणि पुढे जो कोणी विचारेल त्याला तसंच सांगितलं. घड्याळ दोन महिन्यांनी कडब्याच्या गंजीखाली सापडलं. तुझ्या वहिनीने तेव्हाच कळवा म्हटलं होतं. आज कळवतो आहे. मी चुकलो, निवृत्ती. ट्रंकेत काय होतं ते मी विचारत नाही, यापुढेही विचारणार नाही.

मला तू लिहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही, पण या अर्जाचं उत्तर टाक. साहेबांनी हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर नाही, जे असेल ते. फक्त माझ्या नावाने पाठवू नकोस, त्याच्या नावाने पाठव. त्याला वाचता येतं.

शंकर